पिवळ्या काचांचा घोळ : माझा अनुभव

सलग तीन दिवस निर्वात चेंबरमधून थर चढवलेल्या काचा पिवळट निघत होत्या. पेरोव्हस्काइटचा (सौरघटांत वापरतात तो प्रकाश शोषणारा पदार्थ) थर कसा हवा, तर गडद तपकिरी, जवळजवळ काळा. पिवळं दिसलं म्हणजे त्यातला एक कच्चा माल, लेड आयोडाइड, तसंच उरलंय. एक्स-रे विवर्तनाचा आलेख काढला, पेरोव्हस्काइटच्या १४.१ अंशांच्या शिखराशेजारी १२.७ वर लेड आयोडाइडचं ठळक शिखर. शंकाच मिटली.

आमच्याकडे दोन मुशी एकदमच तापवतात : एकीत लेड आयोडाइड, दुसरीत मिथाइलअमोनियम आयोडाइड; दोघांची वाफ काचेवर एकत्र येऊन थर बनतो. पहिलं शहाणं, सरळ वर जातं. दुसरं मात्र अख्ख्या चेंबरभर धुरासारखं पसरतं आणि किती पदार्थ जमतोय ते मोजणाऱ्या क्वार्ट्झच्या सेन्सरवर नीट चिकटतही नाही.

आधी मी पंपावर संशय घेतला, सील बदलले, एक अख्खा शनिवार त्यात गेला. मग वहीत दिसलं : सोमवारी मिथाइलअमोनियम आयोडाइडची नवी बाटली उघडली होती! या पावडरीत तयार करतानाच्या फॉस्फरसयुक्त अशुद्धी राहतात आणि सेन्सरवर त्याच जास्त जमतात. सेन्सरचा आकडा फुगला, त्यावरून चालणाऱ्या कंट्रोलरने बिचाऱ्याने मुशीचा हीटर कमी केला, थराला मिथाइलअमोनियम पुरलंच नाही.

मग त्या सेन्सरचं ऐकणं सोडलं. मिथाइलअमोनियम आयोडाइडच्या मुशीचं तापमान कायम ठेवलं, चेंबरच्या दाबावर नजर ठेवली आणि लेड आयोडाइडच्या बाष्पीभवनाचा वेग थोडा थोडा उतरवत गेलो. चौथ्या काचेला १२.७ चं शिखर जेमतेम दिसत होतं.

आता प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहितो, आणि पहिल्या दोन काचा फक्त चाचणीच्या.