या चुका टाळा: डॅशबोर्ड बघणाऱ्याच्या हाती सर्व्हरच्या किल्ल्या

मार्चअखेरचे रिपोर्ट अडले की बुटीबोरीचा कारखाना असो की मिहानमधलं ऑफिस, आयटीवाल्याला एकच वाक्य ऐकू येतं: ‘भाऊ, तेवढा ॲडमिन देऊन दे ना.’ तो दिला जातो आणि एप्रिलमध्ये काढून घ्यायचा राहतो. साध्या युजरला ॲडमिनपर्यंत चढायला, म्हणजेच प्रिव्हिलेज एस्कलेशनला, असा विसरलेला एखादा हक्क पुरतो.

पूर्ण ॲडमिन न देता ‘फक्त युजर एडिट करायचा हक्क’ दिला तरी निश्चिंत होऊ नका. सर्व्हरच्या नोंदी शोधून डॅशबोर्डवर दाखवणाऱ्या स्प्लंकमध्ये २०२३ साली सापडलेली त्रुटी (सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२३-३२७०७) नेमकी इथलीच. ‘एडिट युजर’ हक्क असलेला माणूस खास रिक्वेस्ट पाठवून स्वतःच ॲडमिन होऊ शकत होता. दुरुस्ती ९.०.५, ८.२.११ आणि ८.१.१४ या आवृत्त्यांमध्ये आली. रोल (हक्कांचा गठ्ठा) तपासताना त्याला दुसऱ्या रोलकडून वारशाने काय मिळालंय तेही उघडून बघा. गडबड बहुधा तिथेच दडलेली असते.

डॅशबोर्ड बनवायचं सुपरसेट वापरणाऱ्यांची चूक वेगळी: इन्स्टॉल करताना आलेली सिक्रेट की (गुप्त किल्ली) तशीच ठेवणे. ती की जगजाहीर आहे. तिच्या आधारे कुणीही ॲडमिनची सेशन कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) बनवून पासवर्डशिवाय आत येतो (सीव्हीई-२०२३-२७५२४, आवृत्ती २.०.१ पर्यंत). २.१.० पासून डिफॉल्ट की असेल तर सुपरसेट सुरूच होत नाही. म्हणून अपग्रेडनंतर सर्व्हर उठत नसेल तर आधी की बघा, व्हेंडरला नंतर फोन करा.

की बदलतानाही लोक फसतात. जोडलेल्या डेटाबेसचे पासवर्ड याच कीने एन्क्रिप्ट केलेले असतात. नुसती की बदलली तर सगळी कनेक्शनं तुटतात, आणि घाबरून जुनी की परत बसवली जाते. क्रम असा ठेवा: मेटाडेटा डेटाबेसचा (सुपरसेटची स्वतःची माहिती असते त्याचा) बॅकअप घ्या, ओपनएसएसएल या टूलने ४२ बाइट्सची रँडम की बनवा, जुनी की कॉन्फिगमध्ये ‘प्रिव्हियस सिक्रेट की’ म्हणून लिहा, नवी मुख्य जागी टाका, मग री-एन्क्रिप्ट-सिक्रेट्स कमांड चालवा. वेब सर्व्हर आणि वर्कर (मागे कामं उरकणाऱ्या प्रक्रिया), सगळीकडे की एकच हवी. लॉगिन टिकत नसेल, युजर वारंवार बाहेर फेकला जात असेल, तर यातल्या एखाद्या मशीनवर जुनी की राहिलेली असू शकते.

यापेक्षा महागात पडते ती डेटाबेसच्या खात्याची चूक, आणि आमच्या मते सर्वांत आधी हीच निस्तरावी. डॅशबोर्डला पोस्टग्रेस डेटाबेसचं सुपरयुजर (सर्व हक्कांचं) खातं जोडलेलं असेल, तर क्वेरी लिहू शकणारा कुणीही कॉपी-प्रोग्रॅम (बाहेरचा प्रोग्रॅम चालवायची पोस्टग्रेसमधली सोय) वापरून थेट सर्व्हरवर कमांड चालवू शकतो. टेबलाच्या मालकाचं खातंही नको: ओळीनिहाय सुरक्षा (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम) मालकाला लागू होत नाही, ‘फोर्स’ करून लावली तरच होते. रिपोर्टिंगसाठी वेगळं खातं काढा आणि लागतील तेवढ्याच टेबलांवर फक्त सिलेक्ट (वाचायचा हक्क) द्या.

क्लिक सेन्स या डॅशबोर्ड सॉफ्टवेअरच्या विंडोज आवृत्तीने शिकवलं की एकदा पॅच लावून काम संपत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेली दुरुस्ती अपुरी निघाली, सप्टेंबरमध्ये पुन्हा पॅच काढावे लागले (सीव्हीई-२०२३-४८३६५), आणि नोव्हेंबरमध्ये कॅक्टस रॅन्समवेअरवाल्यांनी (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या टोळीने) क्लिकच्या या त्रुटी वापरल्याचं समोर आलं. ऑगस्ट २०२३ आवृत्तीला किमान पॅच २ आणि मे २०२३ ला पॅच ६ हवा.

विंडोजवर आणखी एक. सी ड्राइव्ह भरला म्हणून सॉफ्टवेअर डी ड्राइव्हवर टाकलं, की प्रोग्रॅम फाइल्सचे कडक हक्क तिथे आपोआप येत नाहीत. सर्व्हिस लोकल सिस्टीम (विंडोजचं जवळपास सर्व हक्कांचं खातं) म्हणून चालत असेल आणि त्या फोल्डरमध्ये साध्या युजरला लिहिता येत असेल, तर फाइल बदलून पुढच्या रीस्टार्टला त्याचा कोड सिस्टीमच्या हक्काने चालतो. फोल्डरचे हक्क दाखवणारी आयकॅकल्स कमांड चालवा. युजर्स किंवा ऑथेंटिकेटेड युजर्सपुढे एफ, एम किंवा डब्ल्यू (पूर्ण, बदलायचा किंवा लिहायचा हक्क) दिसलं तर वरच्या फोल्डरकडून आलेला हक्कांचा वारसा तोडून त्यांना फक्त वाचन-चालवण्याचा हक्क ठेवा. त्यानंतर सर्व्हिस उठली नाही, तर हक्क जसेच्या तसे परत देऊ नका. सर्व्हिसच्या खात्याला लॉग आणि टेम्प फोल्डरमध्ये लिहिता येतं का, तेवढं बघा.