कायोटीच्या शिकारीसाठी जमीनमालकाची परवानगी मागताना या चुका टाळा

टेक्सासमधील ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खासगी मालकीची आहे. येथे कायोटीसाठी ठरावीक हंगाम नाही आणि किती मारावेत यावर मर्यादाही नाही. कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा हा प्राणी शेळ्यामेंढ्यांच्या कळपात शिरून नुकसान करतो, त्यामुळे त्याला मारायला येणाऱ्याचे रँचवाला, म्हणजे गुरेमेंढ्यांच्या मोठ्या कुरणाचा मालक, हसतमुखाने स्वागत करील, असा नवशिक्यांचा ठाम समज असतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ बंदच झाल्यामुळे, शिकारीसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याचा अनुभव आपल्या मंडळींच्या गाठीशी नसतो, हेही खरे. परंतु इथे जन्मलेली, लहानपणापासून बंदूक हाताळलेली मुलेही त्याच चुका तितक्याच उत्साहाने करतात, म्हणून त्या एकदा नीट लिहून काढणे भाग आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चुकीच्या माणसाचा होकार घेऊन निश्चिंत होणे. एकाच रँचवर तीन वेगवेगळ्या लोकांचे तीन वेगवेगळे हक्क असू शकतात. जमीन एकाची असते आणि तो कदाचित ह्यूस्टन किंवा डॅलसमध्ये राहत असतो. चराईचा करार दुसऱ्याकडे असतो आणि रोज पिकअप घेऊन फिरताना दिसतो तो हाच. हरणांच्या शिकारीचा हक्क तिसऱ्याच गटाने वर्षभरासाठी पैसे मोजून घेतलेला असतो. नवखा माणूस रस्त्यावरून जाताना गुरांना चारा घालणारा इसम पाहतो, गाडी थांबवतो, दोन गोड शब्द बोलतो आणि ‘हो, मारा की’ एवढे ऐकून रात्री बंदूक घेऊन हजर होतो. चारा घालणाऱ्याचे काही चुकलेले नसते, कारण त्याची वासरे वाचली तर त्याला हवेच आहे. पण शिकारीची परवानगी देण्याचा अधिकार बहुधा त्याच्याकडे नसतो. टेक्सासमध्ये मालकाच्या संमतीवाचून शिकार करणे हा गंभीर गुन्हा आहे आणि गेम वॉर्डनसमोर, म्हणजे शिकारीचे कायदे राबवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, ‘तिथल्या माणसाने हो म्हटले होते’ हे उत्तर टिकत नाही.

यावर माझी सवय साधी आहे. प्रत्येक काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मालमत्ता-मूल्यांकन कार्यालयाच्या संकेतस्थळावर जमिनीच्या तुकड्यागणिक मालकाचे नाव आणि पत्रव्यवहाराचा पत्ता मिळतो. तो मी आधी पाहतो आणि मालक दूर राहत असेल तर त्याला कागदावर, हाताने पत्र लिहितो. मोबाइलवरील नकाशांच्या ॲपमध्ये नाव दिसते हे मला माहीत आहे, पण जमीन नुकतीच विकली गेली असेल तर ती नोंद जुनी असू शकते आणि आधीच्या मालकाच्या नावाने नव्या मालकाला हाक मारण्यासारखी वाईट सुरुवात नाही. भेट झाली की मी दोन प्रश्न विचारतो: जमीन चराईला कोणाला दिली आहे आणि शिकारीचा करार कोणाबरोबर आहे. शिकारीचा करार असेल तर त्या गटाशी बोलल्याशिवाय मी पाऊल ठेवत नाही. हे सगळे करायला दोन आठवडे जातात. ज्याला येत्या शनिवारीच जायचे आहे त्याने खुशाल गोल्फ खेळावे.

वेळेची चूक याच्याशी जोडलेली आहे. हरणांचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. या काळात कायोटीसाठी विचारणे म्हणजे नकार मागून घेणे होय, कारण पैसे भरून बसलेल्या हरणांच्या शिकाऱ्यांच्या मचाणाजवळ रात्री गोळीबार झालेला कोणालाच चालत नाही. फेब्रुवारीत मात्र मचाणे रिकामी झालेली असतात, कायोटींचा समागमाचा काळ असल्यामुळे ते शिकाऱ्याने काढलेल्या हाकेच्या आवाजाला प्रतिसाद देतात आणि वासरे-करडे जन्माला येत असल्यामुळे मालकाच्याही मनात तोच विषय असतो.

भेटीला जाताना शिकारीचा झाडीत मिसळून जाणारा ठिपकेदार पोशाख घालू नये, बंदूक गाडीत दिसेल अशी ठेवू नये आणि चार जणांचे टोळके नेऊ नये. रविवारी सकाळी चर्चच्या वेळी, जेवणाच्या वेळी किंवा चाऱ्याच्या गासड्या बांधण्याचे काम चालू असताना दार ठोठावू नये. झाडांवर किंवा खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर ते शोभेसाठी नाहीत: किमान ८ इंच लांब, १ इंच रुंद आणि जमिनीपासून ३ ते ५ फूट उंचीवर असलेला पट्टा टेक्सासच्या कायद्यात ‘प्रवेशबंदी’च्या पाटीइतकाच ग्राह्य धरला जातो. अशा मालकाला विचारायचेच असेल तर कुंपणाबाहेरून, फोनने किंवा पत्राने विचारावे.

आता फाटकाविषयी. फाटक जसे आढळले तसेच ठेवायचे, हा नियम सर्वांनी ऐकलेला असतो. पण बहुतेकांना त्याचा अर्धाच भाग कळलेला असतो, तो म्हणजे बंद फाटक उघडे टाकू नये. टेक्सासमधल्याच एडवर्ड्स पठाराच्या भागात एका वृद्ध मालकाने मला आणि आणखी एका गटाला एकाच रँचवर परवानगी दिली होती. सप्टेंबरातल्या एका रात्री त्या गटातल्या तरुणाने आतल्या बाजूचे एक फाटक उघडे पाहिले आणि ‘कोणीतरी विसरले असेल’ अशा सद्भावनेने ते साखळी लावून बंद केले. ते फाटक मुद्दाम उघडे ठेवलेले होते, कारण पलीकडच्या कुरणातली पाणी उपसणारी पवनचक्की बिघडली होती आणि तिथल्या गाईंना पाण्यासाठी अलीकडच्या हौदावर यावे लागत होते. मालक तिसऱ्या दिवशी सकाळी तिकडे गेला तेव्हा सगळा कळप फाटकाला भिडून हंबरत उभा होता, खुरांनी जमिनीचा भुगा झाला होता आणि एक म्हातारी गाय आडवी पडलेली होती. ती उठली, पण परवानगी गेली, आणि ती केवळ त्यांची गेली नाही. मालकाने मला फोन करून शांतपणे सांगितले की आता कोणीच येऊ नये. त्यानंतर मी शेजारच्या दोन रँचवर विचारायला गेलो तर त्यांना ही हकिकत आधीच ठाऊक होती. पशुखाद्याच्या दुकानात बातमी पोहोचायला इंटरनेट लागत नाही.

तेव्हापासून मी पहिल्या भेटीतच मालकाबरोबर गाडीतून रँच फिरून येण्याची विनंती करतो आणि प्रत्येक फाटकाचा मोबाइलवर फोटो काढतो, साखळी कशी अडकवली आहे ते दिसेल असा. रात्री एखादे फाटक फोटोपेक्षा वेगळ्या स्थितीत दिसले तर त्याला हात लावत नाही. मालकाला संदेश पाठवून विचारतो.

त्याच फेरीत कुत्र्यांची चौकशी करावी. या भागात शेळ्यामेंढ्यांच्या राखणीसाठी ग्रेट पिरेनीज किंवा अनातोलियन जातीची मोठी कुत्री कळपातच राहतात आणि रात्री कायोटीच्या मागे दूरवर जातात. दिवसा पांढरेशुभ्र दिसणारे पिरेनीज थर्मल (उष्णता टिपणाऱ्या) दुर्बिणीत केवळ एक उष्ण चौपायी आकृती असते. कुत्री किती आहेत, शेजाऱ्याची कुत्री इकडे येतात का, हे विचारणाऱ्या शिकाऱ्याबद्दल मालकाचे मत लगेच बदलते, असे मी पाहिले आहे. न विचारणाऱ्याला थर्मल दुर्बीण विकूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

किरकोळ वाटणाऱ्या चुकाही आहेत. एकट्यासाठी मिळालेल्या परवानगीवर मेहुण्याला नेऊ नये. पावसानंतर मातीच्या रस्त्यावर गाडी घालून चाकोऱ्या पाडू नयेत. कुंपणापलीकडे गोळी जाईल असा बार कधीही टाकू नये. मेलेले जनावर कुठे टाकायचे ते मालकाला आधीच विचारावे.

कागदपत्रांत आपल्या लोकांसाठी एक बाब महत्त्वाची आहे. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या वास्तव्याच्या) व्हिसावर असणाऱ्यांना संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्यातील मुख्य अपवाद आहे. त्यामुळे परवाना नसताना मित्राची रायफल ‘जरा धरून पाहणे’देखील अंगाशी येऊ शकते. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्सासमध्ये शिकारीचे प्रशिक्षणही आवश्यक असते. या दोन्हींच्या प्रती मी मालकाला न मागता देतो, आणि त्यांबरोबर एक पानी संमतिपत्र: कोण येणार, कोणत्या कुरणात, कोणत्या तारखेपर्यंत, गाडीचा रंग आणि क्रमांक. प्रत्येक वेळी आत शिरताना व बाहेर पडताना मालकाला संदेश पाठवतो, आणि रात्रीची शिकार असेल तर त्या भागातील गेम वॉर्डनला आधी कळवतो. संमतिपत्रावरची तारीख संपली की नवे घेतो, मग मालकाने ‘अरे, दरवर्षी कशाला विचारतोस’ असे कितीही वेळा म्हटलेले असो, कारण मधल्या काळात चराईचा करार, शिकारीचा करार किंवा खुद्द मालकही बदललेला असू शकतो.