गुऱ्हाळावर रात्रीसाठी फिरता कॅमेरा घेण्याआधी

दसरा झाला की चुलवाणं (गुळाच्या भट्ट्या) पेटतात आणि मग गुऱ्हाळावर दुसऱ्या कशाकडे बघायला कुणाला सवड नसते. म्हणून ही तयारी त्याच्या आत उरकलेली बरी.

पहिलं काम दुकानात नाही, आवारात आहे. अमावास्येच्या आसपास रात्री अकरानंतर बाहेर उभे राहा. कॅमेरा लावायच्या जागेपासून फाटक, ट्रॅक्टर लावायची जागा, चिपाडाचा ढीग आणि नदीकडच्या पाण्याच्या मोटारीची वाट किती लांब आहे ते पावलांनी नव्हे, टेपाने मोजा आणि वहीत लिहा. प्रत्येक जागेपुढे एक प्रश्न मांडा : इथे कुणीतरी आलंय एवढं कळलं तरी पुरे, की चेहरा ओळखायला हवा? अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा तर चित्रात दर मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात. चार मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल असते, म्हणजे जेमतेम दहा मीटर रुंदीचं फाटक त्यात बसतं. आवार त्याहून मोठं, म्हणून तर झूम आणि कॅमेरा फिरवणारी मोटार लागते.

आता खरी मेख. झूम केला की बहुतेक लेन्स उजेड कमी आत घेतात. खोक्यावर ठळक छापलेला एफ १.६ हा आकडा (जितका लहान, तितका उजेड जास्त) झूम न करता असतो. पूर्ण झूमवर तोच एफ ४.४ झाला, तर सेन्सरपर्यंत, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपपर्यंत, साधारण सातवा-आठवा हिस्साच उजेड पोचतो. नेमका चेहरा जवळ ओढावा तेव्हाच अंधार वाढतो. किती कमी उजेडात दिसतं ते सांगणाऱ्या, खोक्यावरच्या लक्सच्या आकड्यावरही विसंबू नका. शटर किती वेळ उघडं ठेवून तो मोजला, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आमच्या नदीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली, तेव्हा जुन्या कॅमेऱ्याचं चित्र दिवसासारखं लख्ख होतं. झाडं, विहिरीचा कठडा, सगळं स्पष्ट. चालणारा माणूस मात्र नुसता पांढरा ओघळ. शटर आपोआप फार मंद झालं होतं, आणि विकणाऱ्याने आम्हाला उभ्या खांबाचं चित्र दाखवलं होतं. ते चित्र मी आजही विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, कॅमेरा रात्री आपल्याच आवारात लावून दाखवायला सांगा. शटर एक पंचविसांश सेकंदापेक्षा मंद होऊ द्यायचं नाही, पूर्ण झूम करायचा आणि घरच्या पोराला फाटकातून झपाझप चालायला लावायचं. तो ओळखू आला तरच पुढचं बोलणं.

सेन्सर १/१.८ इंचाचा मिळाला तर १/२.८ इंचाच्या दुपटीहून अधिक क्षेत्रफळ मिळतं. छोट्या सेन्सरवरचे आठ मेगापिक्सेल घेण्यापेक्षा मोठ्यावरचे चार घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

इन्फ्रारेडचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा, पल्ला १५० मीटर लिहिला म्हणून हुरळू नका. काहिलीची वाफ, चुलवाणाचा धूर आणि थंडीतलं पंचगंगेकाठचं धुकं हा उजेड परत कॅमेऱ्यावरच फेकतात. शिवाय चित्र काळं-पांढरं होतं, ट्रॅक्टर लाल की निळा ते कळत नाही. फाटकावर आणि मोटारीच्या वाटेवर साधे पांढरे एलईडी लावा. हा खर्च आधी करा, कॅमेऱ्याचा नंतर. काचेवर कोळी जाळं विणतात, तेव्हा आठवड्यातून एकदा फडकं मारायचं काम गड्याला नेमून द्या.

फिरता कॅमेरा एका वेळी एकीकडेच बघतो. तो घाण्याकडे वळलेला असताना फाटक उघडंच राहतं, म्हणून फाटकावर एक स्थिर कॅमेरा वेगळा हवाच.

खांब जाड आणि पायात काँक्रीट भरलेला असावा. बारीक पाइप वाऱ्याने हलला की पूर्ण झूमवरचं चित्र थरथरतं. नेटवर्कची केबल १०० मीटरच्या आत ठेवा. कॅमेऱ्याची मोटार आणि इन्फ्रारेड मिळून किती वॉट लागतात ते विचारूनच नेटवर्कचा स्विच घ्या. साध्या पीओईचे (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याच्या सोयीचे) १५.४ वॉट बहुधा पुरत नाहीत. वळवात विजा पडतात, तेव्हा अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर विसरू नका. लाइट गेल्यावर चालायला यूपीएसही लागेलच. रेकॉर्डर माळ्यावर ठेवा. चिखली-आंबेवाडीकडच्या लोकांना २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हे सांगायला नको. एका कॅमेऱ्याचं सेकंदाला चार मेगाबिटचं चित्र सतत साठवलं तर दिवसाला ४३ जीबी होतात. महिनाभरासाठी दर कॅमेऱ्यामागे दोन टीबीची हार्ड डिस्क धरा, रात्रीच्या दाणेदार चित्राला जागा जास्त लागते.

शेवटी, गूळ करणाऱ्या गुळव्यांची, चुलवाणात जाळ घालणाऱ्या जळव्यांची आणि ऊसतोड टोळीची कुटुंबं आवारातच राहतात. त्यांच्या खोपटांवर आणि न्हाणीच्या आडोशावर कॅमेऱ्यातच कायमचा काळा पडदा टाकून घ्या. कॅमेरा फिरवून, झूम करून तो पडदा जागेवरून सरकत नाही ना, हे टोळीतल्या बायांसमोर तपासा. पासवर्डही त्याच दिवशी बदला.