पंक गिगच्या आदल्या दिवशी पेडलबोर्ड कसा तयार ठेवायचा

उद्या गिग (लाइव्ह कार्यक्रम) असेल तर आज संध्याकाळी सगळी पेडल्स (गिटारचा आवाज बदलणारे, पायाने दाबायचे डबे, ते ज्या पाटीवर बसवतात तो पेडलबोर्ड) जमिनीवर मांडा आणि प्रत्येक पेडलसाठी स्वतःला विचारा की सेटलिस्टमधल्या नेमक्या कुठल्या गाण्यात मी हे दाबणार आहे. गाण्याचं नाव पटकन सुचलं नाही तर ते पेडल घरीच ठेवायचं. मी या बाबतीत कडक आहे, कारण पंकमध्ये गाणी दोन-अडीच मिनिटांची असतात, एक संपेपर्यंत ड्रमरने पुढच्याचा काउंट दिलेला असतो, उजवा हात डाउनस्ट्रोकमध्ये (तारांवर वरून खाली मारण्यात) अडकलेला, तोंड बॅकिंगसाठी माइकवर, त्यात खाली बघून तीन पेडल्स बंद-चालू करायला वेळच मिळत नाही. रामोन्सचा जॉनी रामोन तर मोसराइट गिटार आणि मार्शल अँप (अँप्लिफायर) एवढ्यावरच काम भागवायचा, सगळा जोर हाताचा.

तरी ट्यूनर (तारा सुरात आहेत का ते दाखवणारं पेडल) हवाच आणि तो पेडल्सच्या साखळीत सगळ्यात आधी, गिटारला लागून. एवढ्या जोरात वाजवल्यावर तारा उतरतात, आणि ट्यूनर पेडल दाबलं की आवाज म्यूट होतो, लोकांना टुंग-टुंग ऐकवावं लागत नाही. तार तुटली तर गिटार बदलतानाही तेच म्यूट कामाला येतं.

आता डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज फाडणारं पेडल, इथे जरा जास्त वेळ द्या. बॉसचं डीएस-१ आणि प्रोकोचं रॅट ही दोन्ही १९७८ पासूनची पेडल्स, अजूनही पंक बोर्डांवर सर्रास दिसतात, आणि दोघांचा स्वभाव वेगळा आहे. डीएस-१ चा टोन नॉब उजवीकडे नेला की आवाज कर्कश होत जातो, रॅटचा फिल्टर नॉब बरोब्बर उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की हाय (वरच्या, तीक्ष्ण फ्रिक्वेन्सी) कमी होतात, त्यामुळे उधारीचं रॅट असेल तर हे आज रात्रीच हाताने फिरवून बघा. बिग मफ हे पेडल एकट्याने वाजवताना भिंतीसारखं वाटतं पण त्यात मिड्स (मधल्या फ्रिक्वेन्सी) दबलेले असतात, बास आणि ड्रम सुरू झाले की गिटार त्यात बुडते. उलट ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शन) पेडल मिड्स पुढे ढकलतं, साधारण ७२० हर्ट्झच्या आसपास, म्हणून आधीच फाटलेला आवाज देणाऱ्या अँपसमोर ते लावलं तर कॉर्ड्स स्पष्ट ऐकू येतात. आणि गेन, म्हणजे आवाज किती फाडायचा ते, घरी हळू आवाजात जेवढा बरा वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा! मोठ्या आवाजात अँप स्वतःच भर घालतो, गेन जास्त झाला की पॉवर कॉर्डचा (पंकमधल्या दोन-तीन तारांच्या साध्या कॉर्डचा) नुसता चिखल होतो आणि डाउनस्ट्रोकची धार जाते, जी खरं तर आपली सगळी ओळख आहे. सेटिंग ठरलं की नॉबशेजारी मार्कर किंवा बारीक टेपने खूण करा, बॅगेत नॉब हलतात.

तिथला अँप आपला नसेल तर क्लीन चॅनलवर (अँपचा न फाटणारा आवाज) सगळं डिस्टॉर्शन पेडलमधूनच काढता येईल असं एक सेटिंग तयार असू द्या. सोलोसाठी बूस्ट (आवाज वाढवणारं पेडल) असेल तर तो डिस्टॉर्शनच्या नंतर, आधी लावला तर गेन वाढतो पण आवाज फारसा वर येत नाही, आणि अँपच आवाज फाडत असेल तर बूस्ट इफेक्ट्स लूपमध्ये (अँपच्या मागच्या, प्रीअँपनंतर पेडल जोडायच्या जागी).

मॉड्युलेशन (आवाज हेलकावणारा इफेक्ट) किंवा डिले (प्रतिध्वनी) यातलं एकच घ्या, तेही सवयीचं असेल तरच. पंकमध्ये हे चालत नाही असं मात्र अजिबात नाही, सेक्स पिस्टल्सच्या स्टीव्ह जोन्सने फेज ९० हे मॉड्युलेशन पेडल वापरलं, डेड केनेडीजच्या ईस्ट बे रेचा अख्खा आवाज एकोप्लेक्सच्या टेप एकोवर (टेपवरच्या डिलेवर) उभा आहे. गाण्याला गरज असेल तर न्या. नॉइज गेट (गिटार थांबली की खरखर बंद करणारं पेडल) नेत असाल तर डिस्टॉर्शननंतर लावा आणि थ्रेशोल्ड (कितीपेक्षा हळू आवाज बंद करायचा ती पातळी) अगदी गरजेपुरता, अचानक थांबणाऱ्या गाण्यात तो जीव वाचवतो पण जास्त झाला तर शेवटची लांब कॉर्ड मध्येच कापतो.

मग पॉवर, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. बहुतेक पेडल्स ९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह (पिनच्या मधोमध निगेटिव्ह), पण काही जुनी फझ (डिस्टॉर्शनचाच एक प्रकार) उलट्या पोलॅरिटीची असतात, म्हणून प्रत्येकाच्या सॉकेटजवळची खूण वाचा. साध्या ओव्हरड्राइव्हला थोडेच मिलीअँपियर लागतात, डिजिटल डिलेला मात्र शंभराच्या बरेच वर लागू शकतात, सगळ्यांची बेरीज करून अडॅप्टरवरच्या आकड्याशी ताडून बघा. एकाच डेझी चेनवर (एका अडॅप्टरवरून सगळ्यांना पॉवर देणाऱ्या वायरवर) डिजिटल आणि हाय गेन एकत्र आले की बऱ्याचदा किणकिण ऐकू येते, शक्य असेल तर आयसोलेटेड (प्रत्येक पेडलला वेगळी पॉवर देणारा) सप्लायच घ्या.

प्रत्येक पॅच केबल (पेडलपासून पेडलपर्यंतची छोटी केबल) लावून, आवाज चालू ठेवून, हलवून बघा. खरखरली की बाजूला काढा, उद्या बघू म्हणून परत बोर्डवर लावू नका. जास्तीच्या दोन पॅच केबल, एक ९ व्होल्टची बॅटरी, एक्स्टेंशन बोर्ड, गॅफर टेप, मार्कर, आणि गिटारपासून थेट अँपपर्यंत पोचेल अशी एक लांब केबल बॅगेत टाका. सेटमध्ये बोर्ड मेला तर बिघाड शोधत बसायचं नाही, ती लांब केबल थेट अँपमध्ये खुपसायची आणि पुढच्या गाण्याला चालू व्हायचं. म्हणून एक-दोन गाणी पेडलशिवाय वाजवून बघा, आजच.

पेडल्स वेल्क्रोने घट्ट बसवा, स्टेजच्या कडेला लोक उड्या मारतात, पाणी सांडतं, केबलवर पाय पडतो. रोज दाबायचं पेडल पुढे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बूट मावेल एवढी जागा. मग उद्या घालणार तेच बूट घालून, गिटार पट्ट्यावर जेवढी खाली लटकवता तेवढीच लटकवून, उभं राहून अख्खा सेट एकदा वाजवा. बसून केलेली प्रॅक्टिस इथे उपयोगाची नाही.

पॅक करताना पॅच केबल्स लावलेल्याच राहू द्या पण बॅटरीवर चालणाऱ्या पेडलच्या इनपुटमधली केबल काढा, मग ती गिटारची असो की पॅच, ती लावलेली असेपर्यंत पेडल चालूच राहतं आणि बॅटरी उतरत जाते. एक्स्टेंशन बोर्ड सगळ्यात वर ठेवा, तिथे पोचल्यावर आधी तोच लागतो.