लंडनहून पॅरिस: आई-बाबांना घेऊन निघण्याआधी

मुलांकडे लंडनला आलेले आई-बाबा पहिल्याच आठवड्यात विचारतात, "पॅरिस जवळच आहे ना?" जवळच आहे. हवाई अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून गाडीने रत्नागिरी गाठावी तेवढं. पण तयारी लंडनला पोचल्यावर नाही, भारतातून निघण्याआधी सुरू करायची, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्समध्ये पाऊल ठेवता येत नाही, आणि पर्यटक म्हणून इथे आलेल्यांचा शेंगेनचा अर्ज इथे सहसा घेत नाहीत. आमचं पहिल्या वेळचं पॅरिस याच पायी हुकलं. आईचा त्या दिवशीचा चेहरा मी विसरलेलो नाही, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतोय.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. सोबत किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पॅरिसहून लंडनला येऊन पुन्हा पॅरिसमार्गे परतणार असाल, तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा.

मग वेळेचा हिशोब. तिकिटावर दहाला निघून सव्वाबाराला पोचणं दिसलं की आई-बाबांना दोन तासांहून जास्त वाटतात. प्रत्यक्षात विमानाचे सव्वा तासच असतात. पॅरिसचं घड्याळ बारा महिने लंडनच्या एक तास पुढे असतं. येताना उलट, दहाला निघालेलं विमान सव्वादहाच्या सुमारास उतरतं. तिकीट स्वस्त दिसलं तर विमानतळाचं नाव नीट वाचा. बोव्हे पॅरिसपासून जवळपास ऐंशी किलोमीटर आहे.

घरापासून हॉटेलपर्यंतचा वेळ धरला तर मी आई-बाबांना रेल्वेनेच नेईन. विमानतळावर जाणं, दोन तास आधी पोचणं आणि उतरल्यावर पुन्हा शहर गाठणं यात पाच तास सहज जातात. सेंट पँक्रसहून युरोस्टार सव्वादोन-अडीच तासांत थेट शहरातल्या गार द्यू नॉरला सोडते, आणि बॅगा तोलायची चिंता नाही. मात्र स्टेशनवर तास-सव्वा तास आधी पोचा. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनमध्येच होते आणि आता बोटांचे ठसे, फोटोही घेतात. बाबांना खिडकी द्या. वाटेत पन्नास किलोमीटरचा बोगदा लागतो, त्यातला अडतीस समुद्राखाली. बोगदा 1994 साली सुरू झाला, हे बाबांना जरूर सांगा.

तूप, पनीर, चीज घरीच ठेवा. ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. दशम्या दुधात भिजवलेल्या असतील तर त्यांऐवजी तेलाच्या पोळ्या आणि कोरडी चटणी न्या. ब्रिटनची तीन चौकोनी पिनांची प्लग तिकडे बसत नाही, दोन गोल पिनांचा अडॅप्टर घ्या. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत, आणि परतीसाठी ब्रिटनच्या व्हिसाची कागदपत्रंही त्याच पिशवीत. ती पिशवी आईकडेच द्या.