फेल्टवर २.४५ गिगाहर्ट्झचा अँटेना: कापण्यापासून अंगावर लावण्यापर्यंत

ब्लूटूथ लो एनर्जी किंवा झिगबी (दोन्ही कमी विजेवर चालणाऱ्या, जवळच्या अंतराच्या बिनतारी पद्धती) वापरणारा सेन्सर कपड्यात बसवला की बोर्डावरचा चिमुकला अँटेना हमखास दगा देतो. शरीर जवळ आलं की त्याची वारंवारता खाली घसरते आणि उरलेली बरीचशी ऊर्जा अंगातल्या पाण्यात मुरते. यावर उपाय म्हणजे अँटेना आणि अंग यांच्यामध्ये वाहक कापडाचा पडदा, म्हणजे ग्राउंड, घालणे. पॅच अँटेनात, म्हणजे ग्राउंडच्या वर थोड्या अंतरावर बसवलेल्या धातूच्या चौकोनी तुकड्यात, तो मुळातच असतो. फेल्टवरचा (फेल्ट म्हणजे तंतू दाबून केलेले जाड कापड) पूर्ण पॅच साधारण ५७ × ५१ मिमी होतो. त्याची एक बाजू ग्राउंडला थेट जोडली, म्हणजे शॉर्ट केली, की लांबी निम्म्यावर येते आणि रुंदीही कमी करता येते. इथे दिलेला अँटेना त्याच जातीचा आहे.

सुरुवातीलाच एक आकडा लक्षात ठेवा. या मापाच्या पॅचची लांबी १ मिमी चुकली तर वारंवारता सुमारे ९० मेगाहर्ट्झने सरकते. २.४ गिगाहर्ट्झचा अख्खा पट्टा २४०० ते २४८३.५, म्हणजे जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झचा. म्हणून सूत्रापेक्षा कटर आणि पट्टी यांनाच इथे जास्त भाव आहे.

साहित्य

- ३ मिमी जाडीचे पॉलिएस्टर फेल्ट, ८० × ७० मिमीचे दोन तुकडे (एक चाचणीसाठी)
- निकेल-तांब्याचा मुलामा असलेले, मागे इस्त्रीने चिकटणारा गोंद असलेले वाहक कापड, ए४ आकाराचे. शील्डइट सुपर हे त्यातले सहज ओळखले जाणारे नाव.
- चांदीचा मुलामा दिलेला वाहक दोरा
- एका टोकाला एसएमए कनेक्टर असलेली १५ सेंमी आरजी-१७८ केबल (मध्ये तार आणि भोवती जाळी असलेली बारीक केबल)
- कथील-बिस्मथचे, १३८ अंशांना वितळणारे सोल्डर
- रोटरी कटर, स्टीलची पट्टी, व्हर्निअर कॅलिपर, टोच्या
- ३ गिगाहर्ट्झपर्यंत मोजणारा व्हीएनए, म्हणजे अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो ते वारंवारतेनुसार दाखवणारे यंत्र. सर्वांत स्वस्त नॅनोव्हीएनए दीड गिगाहर्ट्झच्या आसपास थांबतात. घेताना हे बघाच.

लोकरीचे फेल्ट घेऊ नका. पॉलिएस्टर हवेतला ओलावा अर्धा टक्काही शोषत नाही, लोकर १५ टक्क्यांच्या आसपास शोषते. पावसाळ्यात लोकरीवरचा अँटेना सकाळी एक वारंवारता दाखवेल, दुपारी दुसरी.

कापडाची परीक्षा मल्टिमीटरने होते. १० मिमी रुंद, १०० मिमी लांब पट्टी कापा. तिच्यात लांबीने १० चौरस बसतात. प्रोबचा स्वतःचा रोध वजा करून वाचन १ ओहमच्या आत आले, तर कापड ०.१ ओहम प्रति चौरस किंवा त्याहून चांगले आहे. दुप्पट-तिप्पट आले तर ते शिल्डिंगला वापरा, अँटेनाला नको.

मापे कुठून आली

फेल्टचा डायलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थात तरंगलांबी किती आखडते ते यावर ठरते) १.२ ते १.४ च्या दरम्यान असतो, १.३ धरू. पॅचची रुंदी ४० मिमी आणि जाडी ३ मिमी धरली तर फेल्ट आणि वरची हवा मिळून परिणामी स्थिरांक १.२६ येतो. पाव तरंगलांबी हवेत ३०.६ मिमी; तिला १.२६ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.१२ ने भागले की २७.३. उघड्या कडेला क्षेत्र थोडे बाहेर फुगते, त्याचे १.९ मिमी वजा. उरले २५.४.

पण कापायचे २७ मिमी. स्थिरांक ०.१ ने चुकला तरी वारंवारता पुन्हा ९० मेगाहर्ट्झच्या आसपास हलते, आणि पॅच छाटता येतो, वाढवता येत नाही. जाडी २ मिमीवर आणायचा मोह टाळा. ३ मिमीला पट्टा गणिताने १०० मेगाहर्ट्झच्या जवळपास, म्हणजे गरजेला जेमतेम पुरणारा मिळतो; त्याहून पातळ केले तर पट्टाही आटतो आणि कार्यक्षमताही.

जोडणी

१. ग्राउंडसाठी ८० × ७० मिमीचे वाहक कापड गोंदाची बाजू फेल्टकडे करून इस्त्रीने चिकटवा. इस्त्री दोन ठिपक्यांवर, वाफ बंद, मध्ये सुती फडके. इस्त्री घासू नका, उचलून ठेवा. घासली की फेल्ट ताणते आणि माप तिथेच बिघडते.

२. ७० मिमीच्या एका कडेपासून २० मिमी आत, तिला समांतर, ४० मिमी लांबीची चीर पाडा. ती रुंदीच्या बरोबर मध्यात हवी आणि ग्राउंडच्याही आरपार गेली पाहिजे.

३. पॅचचे कापड ४० × ४५ मिमी कापा: २७ पॅचचे, ३ चिरेतून जायला, १५ मागच्या शेपटीचे. कात्री नको. कात्रीने विणीचे धागे सुटतात आणि उघड्या कडेला लोंबणारा धागा म्हणजे वाढलेली लांबी.

४. पॅच गोंदाकडून फेल्टवर ठेवा, शेपूट चिरेतून मागे काढा आणि पॅचच्या उलट दिशेला, जवळच्या २० मिमीच्या कडेकडे, दुमडा. इथे घाई करू नका. शेपूट पॅचच्या खाली वळवली तर ग्राउंडला गोंदाची बाजू लागते आणि गोंद वीज वाहत नाही. उलट वळवली की धातूला धातू भिडतो. आता पॅच इस्त्रीने चिकटवा. शेपटीचा गोंद बाहेरच्या बाजूला आलेला असतो. त्यावर सुती पट्टी ठेवूनच इस्त्री करा, नाहीतर तो इस्त्रीच्या तळाला चिकटतो. ती पट्टी तशीच राहू द्या, अस्तराचे काम करते.

५. शेपूट ग्राउंडला वाहक दोऱ्याने चिरेलगत शिवा, टाके ३ मिमीवर. दोरा फार ओढू नका, फेल्ट दबले की तिथली जाडी कमी होते. उघड्या कडेवर तर एकही टाका नको. पॅच ते ग्राउंड रोध १ ओहमच्या आत हवा.

६. चिरेपासून ५.५ मिमीवर, रुंदीच्या मध्यात, टोच्याने १ मिमीचे भोक. हीच फीडची, म्हणजे पॅचला सिग्नल देण्याची, जागा. केबलची जाळी पाकळ्यांसारखी पसरून ग्राउंडच्या बाहेरच्या बाजूला सोल्डर करा. आतली तार तिच्या पांढऱ्या टेफ्लॉन आवरणासकट भोकातून वर काढा आणि टोक पॅचवर सोल्डर करा. सोल्डरिंग आयर्न २०० अंशांच्या आत, एका वेळी दोन सेकंद. नेहमीच्या सोल्डरच्या तापमानाला कापडाचे पॉलिएस्टर वितळते.

मोजणी आणि छाटणी

व्हीएनए त्याच्या ओपन, शॉर्ट, लोड या तीन टोप्यांनी कॅलिब्रेट करा. परत येणाऱ्या सिग्नलच्या आलेखात खड्डा, म्हणजे अँटेनाची वारंवारता, बहुधा २.४५ च्या खाली दिसेल. समजा २.३२ वर आहे. पॅचच्या लांबीत कडेच्या फुगीचे १.८५ (वर १.९ धरले तेच, जरा नेमके) मिळवून २८.८५; त्याला २.३२ ने गुणून २.४५ ने भागले की २७.३, त्यातून १.८५ वजा केले की २५.५. म्हणजे उघड्या कडेवरून दीड मिमी काढायचे आहे, पण अर्धा-अर्धा मिमी काढत, दर वेळी मोजत जा. पट्ट्यातही टोके महत्त्वाची: ब्लूटूथ लो एनर्जीच्या जाहिरात-वाहिन्या २४०२, २४२६ आणि २४८० वर असतात. टोकांना १० डेसिबलपेक्षा कमी परतावा-हानी असेल, म्हणजे खड्डा तिथे तेवढा खोल नसेल, तर फोनला उपकरण सापडायला उशीर होतो.

खड्डा जागेवर पण उथळ असेल तर फीडची जागा चुकली आहे. व्हीएनएवरच्या स्मिथ चार्टवर (रोध दाखवणारा गोल आलेख, मध्य म्हणजे अचूक जुळणी) वेटोळे मध्याच्या डावीकडून जात असेल तर फीड चिरेपासून थोडा दूर न्या, उजवीकडून जात असेल तर जवळ आणा. केबल मुठीत धरल्यावर आलेख हलत असेल तर ग्राउंडची जोड नीट झालेली नाही किंवा केबल ग्राउंडला लगटून नेलेली नाही.

खोल आणि रुंद खड्डा पाहून मात्र हुरळू नका. भिजलेले फेल्टही फार देखणा खड्डा दाखवते, कारण ऊर्जा परत येत नाही, ती आतच जिरते. खरी परीक्षा फोनवरच्या सिग्नल-पातळीची: ३ मीटरवरून, सेन्सर दंडावर बांधून, आधी बोर्डावरच्या अँटेनाने आणि मग या अँटेनाने. अंगाआड उभे राहूनही मोजा. ग्राउंड मागे असल्यामुळे पाठीमागचा सिग्नल पडणारच. त्यासाठी दुसऱ्या बाजूला दुसरा अँटेना लावावा लागतो.

अंगावर

दंडावर लावताना २५ मिमीची दिशा दंडाच्या लांबीला समांतर ठेवा. त्या दिशेने वाक आला तर वारंवारता हलते, आडव्या वाकाचा त्रास बराच कमी.

उष्णतेची भीती बाळगायचे कारण नाही. अंगात शोषल्या जाणाऱ्या रेडिओ-ऊर्जेची भारतातली मर्यादा १ ग्रॅम ऊतीमागे १.६ वॅट प्रति किलो, म्हणजे त्या एका ग्रॅममध्ये १.६ मिलिवॅट. ० डीबीएमवर चालणारा रेडिओ एकूणच १ मिलिवॅट सोडतो. ट्रान्समीटर १० मिलिवॅटचा असेल तर हे गणित पुरत नाही, मोजणी करावीच लागते.

धुण्यात मुलाम्याला भेगा पडतात आणि रोध हळूहळू चढत जातो. म्हणून अँटेना कपड्याला शिवू नका. चार कोपऱ्यांना ग्राउंडबाहेर फेल्टचे वेगळे कान शिवून त्यांना टिचबटणे लावा आणि धुण्याआधी काढून घ्या.