दिवाळी अंकांच्या घाईत माटोळीची वही

ऑगस्ट आला की माझ्या टेबलावर दिवाळी अंकांच्या कथा येऊन पडतात. पुण्या-मुंबईच्या संपादकांना चित्रं आठ-दहा दिवसांत हवी असतात, आणि माझी वर्षाची बरीचशी मिळकत याच दोन महिन्यांत होते. नेमकी तेव्हाच चतुर्थी तोंडावर येते आणि आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान उतरतं. गणपतीच्या वर लाकडी चौकटीला बांधायची रानातली फळं-फुलं एका जागी बघायला मिळतात ती वर्षातून हेच दोन-तीन दिवस. त्या फळाफुलांची चित्रवही मी सहा वर्षं करते आहे. पहिली दोन वर्षं ती अर्धवट राहिली, कारण मी तिला उरलेला वेळ देत होते. आता कशी होते ते सांगते.

संपादकांना तारखा देण्याआधीच चतुर्थीच्या अलीकडचे तीन दिवस मी कॅलेंडरवर खोडते. घरी गणपती आहे म्हटलं की कुणी फारसं ताणत नाही. कथांची पेन्सिलीतली कच्ची चित्रं बाजार भरायच्या आदल्या रात्री सगळ्यांना पाठवून द्यायची. ती बघून त्यांचं उत्तर येईपर्यंत दोन दिवस जातातच. तेच माझे दिवस.

बाजारात सकाळी सातच्या आत पोचावं. सत्तरीच्या रानातून माल घेऊन आलेल्या बायका तेव्हा नुकत्याच बसलेल्या असतात आणि बोलायला मोकळ्या असतात. प्रत्येक जिनसाचा एकच नग घ्या, पण देठ आणि पान असलेला. नुसतं फळ आणलंत तर ते वेलीवर कसं लोंबतं हे कळत नाही. नाव विचारा आणि मावशी जसं उच्चारतील तसंच लिहून घ्या. दोन गावांत एकाच फळाची दोन नावं निघतात, मी दोन्ही लिहिते.

घरी आल्यावर क्रम चुकवू नका. आधी फुलं. हरण नावाच्या रानरोपाची पिवळी फुलं दुपारपर्यंत माना टाकतात. कळलावीची पाकळी आधी हिरवट-पिवळी असते आणि फूल जुनं होत जातं तशी लाल होते, म्हणून मी एकाच फुलाची सकाळ आणि संध्याकाळ शेजारी शेजारी रंगवते. (तिचं सगळं झाड विषारी आहे. हात धुतल्याशिवाय ब्रश तोंडात धरू नका, आपल्यातल्या अनेकांना ती सवय असते.) मग कांगोणीचे घोस, कवंडळ, सुपारीचं शिंपुट (घड). तोरिंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) आणि नारळ थांबतात, ते शेवटी. मापं कंपासनं घेऊन चित्र खऱ्या आकाराचंच काढते, म्हणजे पुढे कधीही दोन फळं शेजारी ठेवून ताडता येतात.

कवंडळाचा लाल मला तीन वर्षं साधला नाही. थेट लाल दिला की फळ मातीचं वाटायचं. आता आधी पूर्ण फळावर पातळ पिवळा देते, चमकेची जागा कोरी सोडते, तो पुरता वाळला की मगच वरून लाल. पावसाळी ढगाळ उजेड या कामाला फार चांगला, सावल्या मऊ पडतात. वाळायला मात्र अर्धा-अर्धा तास लागतो. हेअर ड्रायर हातभर लांब धरा.

खरी अडचण कागदाची. ३०० जीएसएमचा कॉटन कागद आमच्या हवेत नुसता कपाटात ठेवला तर ओल कागदाची खळ खाते. मग रंग टीपकागदासारखा आत जिरतो आणि धुऊनही निघत नाही. मे महिन्यातच कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसकट पत्र्याच्या ट्रंकेत ठेवते. तरीही चित्र सुरू करण्याआधी कोपऱ्यात ओला ब्रश टेकवून बघायचा. थेंब लगेच जिरला तर तो कागद पेन्सिलीसाठी वेगळा.

स्कॅन ६०० डीपीआयला करा आणि मूळ चित्र समोर ठेवूनच रंग जुळवा. फिकट पिवळा स्कॅनरला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल.

वही पाहिली की संपादक त्यातली पानं मागतात. द्यावीत, पण लिहून. एका ठिकाणी मी तोंडी हो म्हटलं आणि पुढल्या वर्षी माझं कवंडळ त्यांच्या कॅलेंडरवर आलं. मला ते फार लागलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन करून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याचा असतो. स्वतःहून केलेल्या वहीचा हक्क आपला. तो कुणाच्या नावे लिहून देताना मुदत घातली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश घातला नाही तर सगळा भारत. म्हणून मी हक्क देतच नाही, वापराची परवानगी देते: कुठला अंक, कुठलं वर्ष, एकदाच. दोन ओळींची ईमेल आणि त्यांचं 'मान्य' हे उत्तर, एवढं जपून ठेवते.

तीन दिवसांत सगळं होत नाहीच. राहिलेल्यासाठी विसर्जनाची वाट बघा, तेव्हा माटोळी उतरवतात. गेल्या वर्षी कवंडळ चिरून आतल्या भागाचं चित्र काढायचं राहिलं होतं. शेजारच्या काकूंनी पाचव्या दिवशी त्यांच्या माटोळीतलं एक आणून दिलं. रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली ते उभं चिरलं, आणि बिया मोजत बसले.